शिक्का की धार?

ब्रिटिश सोल्जरच्या खिशातला जाडाभरडा चाकू आजही शौकिनांना वेड लावतो. त्याच्यात असं आहे तरी काय? उत्तर शोधायला शेफिल्डला जायची गरज नाही. विठ्ठलवाडीला उतरलात तरी चालेल!

एक प्रामाणिक उत्तर द्या. ऑनलाइन मागवलेलं पार्सल तुम्ही कशानं उघडता? घराच्या किल्लीनं, बॉलपेनच्या टोकानं, की सरळ दातानं? आमच्या ऑफिसात हे तिन्ही पंथ आहेत. चौथा पंथ एकट्याचाच आहे. तो आयकार्डाच्या क्लिपनं सेलोटेप कापतो आणि क्लिप तुटली की अ‍ॅडमिनकडे नवीन मागतो. खिशात महागडा फोन, पाठीला ब्रँडेड सॅक, पण साधी सुतळी कापायची म्हटली तर अख्ख्या फ्लोअरवर शोधाशोध!

चाकू म्हटलं की आपल्या डोक्यात दोनच चित्रं येतात. एक, किचनमधली सुरी. दुसरं, हिंदी पिक्चरमधला रामपुरी. १९६५ सालच्या ‘वक्त’मध्ये राजकुमारनं चाकूवरून जो डायलॉग मारला, तो आपल्या आई-बाबांच्या पिढीला अजून पाठ आहे. रामपूरकरांना तर आपल्या चाकूचा इतका अभिमान, की २०२३ मध्ये त्यांनी एका चौकात चक्क वीस फुटी चाकूच उभा केला.

पण या दोघांच्या मधे एक तिसरा चाकू असतो. ना स्वयंपाकाचा, ना मारामारीचा. घडी घालून खिशात बसणारा आणि दोरी, पुठ्ठा, सफरचंद, जे समोर येईल ते निमूट कापणारा. ब्रिटिश लष्करानं दोन महायुद्धांत आणि त्यानंतरही आपल्या सोल्जरला असा चाकू दिला. इंग्रजीत त्याला ‘क्लास्प नाईफ’ किंवा ‘जॅक नाईफ’ म्हणतात. आज गप्पा त्याच्याच.

माझ्याकडे हा चाकू ऑनसाइटवरून आला. टीममधला एक मित्र दोन वर्षं लीड्सला होता. परत येताना त्यानं सगळ्यांना चॉकलेटं आणली आणि मी ट्रेकला जाते म्हणून मला मिलिटरी सरप्लसच्या दुकानातला हा चाकू. (चेक-इन बॅगेत घालून आणला, हे आधीच सांगते. केबिन बॅगेत चाकू चालत नाही.) मी तो घरी आईच्या हातात द्यायला गेले, तर ती म्हणाली, “हातात नको देऊस, भांडणं होतात. खाली ठेव!” खाली ठेवला. भांडण झालं नाही, पण चौकशी सुरू झाली. ती अजून चालू आहे.

रूपावर जाऊ नका

पहिल्यांदा बघितला तर तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? माझी कलीग म्हणाली, “प्लंबरच्या पिशवीतून पडल्यासारखा दिसतो.” खरंय. माझा चाकू सगळाच्या सगळा स्टीलचा आहे. ना लाकडी मूठ, ना चमकदार लाल प्लॅस्टिक. स्विस चाकूचं गोंडस रूप याच्या वाट्याला आलेलं नाही. पण याच्या अंगावरची एकेक गोष्ट कामासाठी आहे.

आधी पातं बघा. त्याला टोकच नाही! धारेची बाजू सरळ रेषेत आणि पाठीची बाजू पुढे येऊन खाली वळलेली. या आकाराला ‘शीप्सफूट’, म्हणजे मेंढीचं पाऊल म्हणतात. हा आकार मूळचा खलाशांच्या सोयीचा. हलत्या जहाजावर दोर कापताना तोल गेला तरी टोक कुणाच्या पोटात जायला नको, आणि सरळ धार दोरावर पूर्ण टेकायला हवी. दोन्ही कामं एकाच आकारात झाली.

काही चाकूंना पाठीमागे दाभणासारखा एक जाड सुळा असतो. घोड्याच्या नालेत अडकलेले खडे काढायला तो दिलाय, असं तुम्हाला कुणीतरी छातीठोकपणे सांगेल. ऐकून घ्या आणि सोडून द्या. खडे काढायचं अवजार आकड्यासारखं वाकडं असतं. हा सुळा दोराच्या घट्ट बसलेल्या गाठी सोडवायला आणि दोराचे पीळ उकलून जोड द्यायला असतो. तंबू, ओझी, जहाज, सगळीकडे दोर! नायलॉनची चिकटपट्टी यायच्या आधीचं सैन्य दोरावरच चालायचं.

तिसरं अवजार डबा उघडायचं. लढाईवरच्या सोल्जरचं जेवण पत्र्याच्या डब्यात यायचं. ओपनर मोडला, तर डबा हातात आणि पोट रिकामं. शेवटी मुठीच्या टोकाला एक कडी. तिच्यात दोरी ओवायची आणि चाकू पट्ट्याला बांधून टाकायचा, म्हणजे हातातून सुटला तरी हरवत नाही.

काळानुसार मूठ बदलत गेली. जुन्या चाकूंना शिंगाची मूठ असायची. दुसऱ्या महायुद्धात चौकटीचौकटीची काळी प्लॅस्टिकची मूठ आली. पुढे सगळंच स्टेनलेस स्टीलचं झालं. युद्धाच्या घाईत बनलेले चाकू तर अगदीच ओबडधोबड दिसतात. पण उघडलेत की ‘टक्’ असा आवाज येतो आणि पातं जागच्या जागी उभं राहतं. त्या आवाजाच्या मागे काय काय आहे, ते आता बघू.

सील लावलेला नमुना

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेले. मी त्यांना चाकू दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, चाकू ट्यूबलाइटसमोर धरला, चार वेळा उघडला, चार वेळा मिटला आणि एकच वाक्य बोलले, “याला कुणीतरी चेक केलेलं आहे.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ब्रिटिश लष्कराची खरेदीची एक पद्धत होती. एखादी वस्तू मंजूर झाली, की तिचा एक नग लाखेचं सील लावून जपून ठेवायचा. त्याला ‘सील्ड पॅटर्न’ म्हणत. कंत्राट कुणालाही मिळो, माल त्या नमुन्याशी जुळला पाहिजे. तपासनीस बसलेला असायचा. जुळला तर पास, नाही तर परत. काकांच्या भाषेत ‘गो आणि नो-गो’. कारखान्यात त्या नावाचं गेजच असतं. एक बाजू भोकात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. मधलं काही नाही.

ब्रिटिश सरकारी मालावर एक छोटा बाण उमटवलेला असतो, तीन रेघांचा, कोंबडीच्या पायासारखा. सतराव्या शतकापासून चालत आलेली ही खूण. जुना बाजार चाळणारे लोक भिंगातून हा बाण शोधतात आणि सापडला की किंमत वाढवतात. पण बाणाचा मूळ अर्थ एवढाच, की ‘ही सरकारी मालमत्ता आहे, चोरू नका’. क्वालिटीची हमी बाणात नव्हती. ती त्या सील लावलेल्या नमुन्यात होती आणि तो हातात घेऊन बसलेल्या, जगाला नावही माहीत नसलेल्या तपासनीसात होती.

याला कारण होतं. सोल्जरला चॉइस नसतो. आपण चार साइट्सवर रेटिंग वाचतो, न आवडलं तर सात दिवसांत परत पाठवतो. त्याला जे हातात दिलं, ते घेऊन तो जंगलात जाणार. तिथे स्प्रिंग तुटली तर कस्टमर केअर नाही. ज्याला निवडता येत नाही, त्याच्या वतीनं आधीच कुणीतरी खडूसपणे निवडावं लागतं. आपणही रोज ७.५२ च्या लोकलमध्ये डोक्यावरची कडी धरून लटकतो, तेव्हा तिचा ब्रँड कुठे बघतो? ती तुटणार नाही, हे कुणीतरी बघितलं असेल, एवढ्या भरवशावर तर आपण कल्याणहून निघतो.

७५ पात्यांचा शोपीस

आता थोडं शेफिल्डबद्दल. इंग्लंडमधलं हे शहर म्हणजे चाकू-सुऱ्यांचं माहेरघर. तिथल्या कारागिरांची संघटना १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्यानं स्थापन झाली. शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी! तिथलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे जोसेफ रॉजर्स अँड सन्स. तारा आणि माल्टीज क्रॉस हा त्यांचा छाप.

या रॉजर्सनी १८५१ च्या लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनासाठी ७५ पाती आणि अवजारांचा एक अवाढव्य घडीचा चाकू बनवला. ‘नॉरफोक नाईफ’ म्हणून तो ओळखला जातो. कोरीव काम, नक्षी, काय विचारू नका! बघायला झुंबड उडणार नाही तर काय? कारागिरीचा तो कळसच. पण त्या चाकूनं कधी कुणी सफरचंद कापलं असेल, असं वाटत नाही.

सोल्जरचा चाकू याच्या बरोबर उलट. दोन-तीनच अवजारं, नक्षी शून्य. पण दोन्हींमागचे हात त्याच गल्ल्यांमधले. शेफिल्डमध्ये ‘लिटल मेस्टर्स’ नावाचे छोटे कारागीर असत. एकेका खोलीचा वर्कशॉप. कुणी फक्त पातं ठोकणार, कुणी फक्त धार लावणार, कुणी फक्त जुळणी करणार. धार लावणाऱ्यांचं काम सगळ्यात वाईट. दगडी चाकाची धूळ श्वासाबरोबर फुफ्फुसात जायची आणि कित्येक जण ऐन उमेदीत खोकून खोकून मरायचे. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी यावर लिहून ठेवलं आहे. ‘शेफिल्डची धार’ असं आपण कौतुकानं म्हणतो, तेव्हा तिची ही किंमतही लक्षात असावी. मालाचा तपासनीस होता, पण माणसाच्या छातीचा फारसा कुणी नव्हता.

मेड इन... कुठे?

नाव मोठं झालं की नक्कल आलीच. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या झोलिंगेन शहरातून स्वस्त चाकू यायला लागले आणि त्यांतल्या बऱ्याच मालावर छाप असायचा शेफिल्डचा! शेफिल्डवाले भडकले. शेवटी १८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केला, की परदेशी मालावर खोटा छाप चालणार नाही, मूळ देश सांगावा लागेल. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द तिथून आले. गंमत बघा. जर्मन माल कमअस्सल आहे, हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून लावलेलं ते लेबल. पण झोलिंगेनवाल्यांनी माल असा सुधारला, की बघता बघता तोच शिक्का अभिमानाचा झाला. १८८९ मध्ये असाच कायदा हिंदुस्थानातही आला.

हे वाचून कल्याणकरांना काही आठवलं? आठवणारच! ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा जोक ऐकल्याशिवाय इकडे कुणी मोठं होत नाही.

पण या जोकच्या मुळाशीही ब्रिटिश सैन्यच आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या शेजारी ब्रिटिशांनी मोठी लष्करी छावणी उभारली. मुंबई बंदरात उतरलेलं सैन्य इथे थांबायचं आणि पुढे रवाना व्हायचं. जवळच नेवाळीला विमानांची धावपट्टी झाली. आपल्याच लाइनवर पुढे देवळालीची जुनी छावणी होतीच. घरी जायच्या बोटीची वाट बघत तिथे कंटाळून वेडे झालेल्या गोऱ्यांवरून इंग्रजीत ‘डूलाली’ हा शब्दही रुळला. कल्याणच्या छावणीतल्या त्या बराकींमधून फिरणाऱ्या सोल्जरांच्या पट्ट्याला हेच घडीचे चाकू लटकत असणार.

युद्ध संपलं, छावणी रिकामी झाली. मग फाळणी आली आणि त्याच बराकींमध्ये सिंधमधून आलेली जवळपास लाखभर माणसं राहायला आली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. पण पत्ता सांगताना आजही आपण ‘कॅम्प नंबर चार’च म्हणतो ना? तो कॅम्प म्हणजे हाच.

घरदार मागे टाकून आलेल्या माणसांनी मिळेल ते बनवायला आणि विकायला सुरुवात केली. त्यांच्याकडे हुन्नर होता, पण बाजारात चालेल असं नाव नव्हतं. इम्पोर्टेडच्या मागे वेडं झालेलं गिऱ्हाईक मात्र मुबलक होतं. मग शिक्का परक्याचा लागला. खोटा शिक्का तो खोटाच, त्याचं समर्थन नको. पण आपण फक्त विकणाऱ्यावर हसलो. आतला माल न बघता शिक्क्यावर भाळणारे कोण होते? आपणच की! उल्हासनगरच्या जीन्सना आज कुणाच्या उसन्या नावाची गरज उरलेली नाही. झोलिंगेनची गोष्ट सातासमुद्रापलीकडे शोधायला नको.

धारवाल्याची टेस्ट

आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा सायकलवाला धारवाला येतो. स्टँड लावायचा, पेडल मारायचं, दगड गरगर फिरायचा. मी कौतुकानं चाकू खाली नेला आणि पात्यावरची अक्षरं त्याला दाखवायला लागले. त्यानं ती वाचलीच नाहीत. पात्याची पाठ दगडाला क्षणभर टेकवली, ठिणग्या बघितल्या. मग नखावर धार टेकवून बघितली आणि म्हणाला, “मॅडम, पानी बराबर दिलंय. पन मशीनवर नका लावू. दगडावर घासा, पान्यानं.” चाकूला धार लावलीच नाही. सल्ल्याचे वीस रुपये मात्र घेतले.

ठिणग्यांची ही परीक्षा खरी आहे. पोलादात कार्बन जास्त असेल, तर ठिणगीला फुलबाजीसारखे पुष्कळ फाटे फुटतात. स्टेनलेसच्या ठिणग्या कमी आणि मंद. लॅब नसताना लोखंड ओळखायची ही जुनी पद्धत.

आणि ‘पाणी’ हा आपला किती नेमका शब्द! पोलाद लालबुंद तापवून एकदम थंड केलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवायचा. याचं गणित जमलं तर ‘पाणी चांगलं’. फार कडक ठेवलं तर धारेचे टवके उडतात, मऊ ठेवलं तर धार लगेच बसते. मशीनच्या दगडावर कोरडं घासलं, तर धारेची कड तापून निळी पडते आणि दिलेलं पाणी उतरतं. धारवाला मशीनला नाही म्हणाला, ते यासाठी.

शेफिल्डवाले आपल्या चाकूंना सहसा मधलं पाणी देतात. आजकालच्या महागड्या चाकूंइतकी त्यांची धार टिकत नाही, हे खरं. पण बसलेली धार साध्या दगडावर पाच मिनिटांत परत येते. तंबूत बसलेल्या सोल्जरकडे डायमंड शार्पनर कुठून असणार? म्हणजे त्याच्या हातात जे असेल, तेवढ्यात काम झालं पाहिजे, हासुद्धा क्वालिटीचाच भाग.

स्टेनलेस स्टीलही शेफिल्डचंच. १९१३ मध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून प्रयोग करत होता, त्यातून ते निघालं. सुरुवातीला शहरातल्या चाकूवाल्यांनी त्याची टिंगल केली, की न कापणारे चाकू शोधणारा माणूस हाच! कारण नव्या धातूला पाणी कसं द्यायचं, ते त्यांना अजून जमलं नव्हतं.

पोलादाच्या या गोष्टीत आपल्या मुंबईचाही वाटा आहे, बरं का. डॉ. हेलेनस स्कॉट नावाच्या मुंबईतल्या डॉक्टरनं १७९४ च्या सुमारास ‘वूट्झ’ या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. तिथे त्यावर संशोधन झालं. पुढे जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या सुऱ्या-चाकू बनवणाऱ्यानं ते पोलाद वापरलं आणि मायकल फॅरडेच्या जोडीनं त्यानं पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोगही केले. ज्यांच्या धारेचं आपण कौतुक करतो, ते एकेकाळी आपल्या धारेचं कोडं सोडवत बसले होते.

घेताय? मग हे तपासा

आज ‘ब्रिटिश आर्मी स्टाइल’ नावाचे चाकू ऑनलाइन ढिगानं मिळतात. त्यातल्या ‘स्टाइल’ या शब्दाकडे लक्ष द्या. लष्करानं खरंच वापरलेला, लष्कराच्या नमुन्यानुसार बनलेला आणि नुसताच तसा दिसणारा, हे तीन वेगळे चाकू आहेत. तिसरा वाईटच असतो असंही नाही. नाव विसरा आणि या सहा गोष्टी बघा.

१. मिटलेला चाकू उजेडासमोर धरा. पाठीची स्प्रिंग आणि बाजूच्या पट्ट्या यांच्यामधून उजेड दिसतोय? मग जुळणी ढिली. तिथेच पाणी शिरणार, तिथेच गंज धरणार.

२. हळू उघडा. शेवटी स्पष्ट ‘टक्’ यायला हवं. मिटतानाही पातं ओढल्यासारखं आत बसायला हवं. नुसतंच लुळं पडलं तर स्प्रिंगमध्ये दम नाही.

३. उघडलेलं पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवा. खुळखुळ नको.

४. मिटल्यावर धार आतल्या स्प्रिंगवर आपटत नाही ना, बघा. आपटत असेल, तर कितीही धार लावा, त्याच जागी पुन्हा पुन्हा बोथट होणार.

५. नखाच्या खाचेत नख घालून उघडा. नख तुटायची वेळ आली तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक. पावसात ओल्या हातानं हा चाकू उघडणार नाही.

६. डब्याचा ओपनर खरोखर एका डब्यावर चालवून बघा. नकली मालात सगळ्यात आधी इथेच पितळ उघडं पडतं.

एक सूचना. हा पारंपरिक चाकू उघडल्यावर लॉक होत नाही. फक्त स्प्रिंगच्या जोरावर उभा राहतो. म्हणून त्यानं कापायचं, भोसकायचं नाही. टोकावर जोर दिला तर पातं बोटांवर मिटेल. ब्रिटनमध्ये मात्र हेच लॉक नसणं त्याच्या पथ्यावर पडलं. १९८८ च्या तिथल्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंत पात्याचा, लॉक न होणारा घडीचा चाकू खिशात ठेवता येतो.

आणि निगा? कल्याणच्या पावसाळ्यात तर चपलांनाही बुरशी येते! स्टेनलेस असला तरी सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. पातं कार्बन स्टीलचं असेल, तर कैरी कापून बघा. दोन मिनिटांत निळसर काळं होईल. घाबरू नका, तो गंज नव्हे. तो थर पात्याचं थोडंफार रक्षणच करतो. तांबूस डाग दिसले, तर मात्र लगेच पुसायचं.

खिशात? जरा थांबा!

सोल्जरच्या खिशातला चाकू आपल्या खिशात आला, की प्रश्न बदलतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामाचे वगळून. आपला चाकू त्यापेक्षा खूप लहान. पण म्हणून बिनधास्त फिरू नका. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगरातही, सणावाराला आणि निवडणुकांना महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघत असतात. त्यात सुरे वगैरे बाळगायला बंदी असते. मॉल आणि मेट्रोच्या तपासणीतही हा चाकू अडकणार. विमानात केबिन बॅगेत तर नाहीच नाही.

माझा नियम साधा आहे. रोजच्या लोकलला चाकू घरी. ट्रेकला सॅकच्या तळाशी. आसनगावला उतरून माहुलीवर गेलो, की वर काकडी कापायला सगळे माझ्याकडेच येतात. मारामारीसाठी आणलाय असं कुणाला वाटायची सोयच नाही, कारण त्याला टोकच नाही! तीन वर्षं झाली, अजून तसाच ‘टक्’ वाजतो. मूठ घासली गेली, अक्षरं अर्धी पुसट झाली, काम करायचं थांबलेलं नाही.

चाकू घ्यायलाच हवा असं मुळीच नाही. पण पुढच्या वेळी बॅग घ्या, बूट घ्या, हेडफोन घ्या, काहीही घ्या, टूलरूमवाले काका आणि धारवाला आठवा. एकानं उजेडात धरून बघितलं, दुसऱ्यानं ठिणग्या बघितल्या. नाव कुणीच वाचलं नाही. तेव्हा दुकानदार डोळे मिचकावून “एकदम इम्पोर्टेड है” म्हणाला, तर हसून सांगा, “असू दे हो. आधी उघडून दाखवा!”